आमचा म्हातारा कॉम्प्युटर आणि दुखण्याची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचे नाव काढले की माझ्या पोटात गोळा येतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. निफाड तालुक्यातील आमच्या गावात त्यापुढचा वर्ग नव्हता, व मुलीला रोज एस. टी. ने शाळेला धाडण्याइतके घरच्यांचे मन धजले नाही. म्हणून चिटणीसबाईंनी ‘कॉम्प्युटरविषयी दोन शब्द बोला’ असे सांगितले तेव्हा मला हसूच आले. म्हटले, बाई, मला अनारसे का फसकतात ते विचारा, हे कुठले मध्येच? पण घरी गेल्यावर विचार केला, की बोललेच पाहिजे. कारण या हकिगतीत एक कबुली आहे, व ती मी आजवर तुमच्यापुढे दिलेली नाही.

आपल्या मंडळाची खजिनदार या नात्याने वर्गणी, भिशी आणि दिवाळीच्या फराळाचा हिशोब माझ्याकडे असतो हे तुम्ही जाणताच. तो आधी मी लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत असे. मुलीने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केला, तेव्हा तिच्या पुस्तकात डोकावता डोकावता मीही थोडेफार शिकले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व त्याचा हा अभ्यासक्रम गावोगावी पोचला. त्यातून किती मुलींच्या आया चोरून चोरून शिकल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार? असो. मला तक्ते मांडता येऊ लागले, बेरजा आपोआप होऊ लागल्या, व माझ्या डोक्यात हवा गेली. २०२४ साली मी वही माळ्यावर टाकली आणि सर्व हिशोब कॉम्प्युटरवर ठेवला. कागदावर एक ओळ ठेवली नाही.

त्याच वर्षी, कोजागरी उलटून दिवाळीची भाजणी दळायला गेली, आणि आमच्या कॉम्प्युटरने अंथरूण धरले.

हा कॉम्प्युटर २०१२ सालचा. मधल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून, टेबलाच्या खालच्या कप्प्यात त्याचा डबा बसवलेला. कधी काम करता करता पडदा थिजे. बाण हलेना, अक्षर उमटेना. कधी कोणी हात न लावता तो बंद होऊन आपला आपण पुन्हा सुरू होई. कधी सकाळी लावला, की तारीख १ जानेवारी २०१२ दाखवी, आणि विजेचे बिल भरायचे पान उघडायला गेले तर ‘हे पान सुरक्षित नाही’ असा धाक घाली. ६४ घरांची फराळाची मागणी व त्यांनी दिलेली आगाऊ रक्कम, सारे त्याच्या पोटात. कुणाची चकली दोन किलो, कुणाची एक, कुणी पैसे दिले, कुणाचे यायचे आहेत, यातले मला तोंडपाठ काय असणार?

भगिनींनो, त्या आठवड्यात तुमच्यापैकी कितीतरी जणी मला देवळात, भाजीबाजारात भेटल्या. ‘हिशोब काय म्हणतो?’ असे विचारले, व मी ‘सगळे व्यवस्थित आहे’ म्हणून हसून सांगितले. ते खोटे होते. ही माझी कबुली.

घरात प्रत्येकाचे निदान वेगळे. हे म्हणाले, जुने झाले, फेकून द्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, व्हायरस शिरला. मी म्हटले, ही आमच्या चिरंजीवांच्या खेळांची करणी, व बारावीतल्या पोराला नको नको ते बोलले. एका दुकानात चौकशी केली, तर डबा न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या, ३२ हजार’ असे उत्तर मिळाले.

शेवटी मार्ग दाखवला तो आमच्या सासूबाईंनी. त्यांना कॉम्प्युटरमधले ओ की ठो कळत नाही. पण त्या म्हणाल्या, “अगं, पोराला ताप येत होता तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितले होते? किती वाजता चढला, किती वाजता उतरला, ते लिहून ठेवा. मग याचे का नाही लिहीत? आणि दुखणे एकच आहे की तीन आहेत, ते तरी बघ.”

मी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला लिहू लागले. पुढे त्यासाठी एक चाळीस पानी वही केली. चार दिवसांत असे दिसले: सकाळी सव्वाअकराला बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी मिक्सर लावला होता. दुसऱ्या दिवशीही मिक्सर, आणि तीच तऱ्हा. दुपारी अडीचच्या सुमारास, सुरू केल्यापासून वीस मिनिटांनी थिजला, व पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येत होता. रात्री दहानंतर मात्र तासभर चालला. आणि तारीख चुकायची ती फक्त ज्या रात्री मी भिंतीवरचे बटण बंद करून निजले होते, त्याच्या दुसऱ्या सकाळी. सासूबाईंचा अंदाज खरा होता. दुखणे एक नव्हते, निदान तीन तरी होती, आणि आम्ही त्या सर्वांना एकच नाव देऊन भांडत बसलो होतो.

इतक्यात ओळखीचा एक मुलगा दुरुस्तीला आला. मुलगा चांगला, पण घाईत. म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारून टाकतो. फक्त सी ड्राइव्ह पुसतो, बाकीच्याला धक्का नाही.” मी म्हटले, आमचा हिशोब तर समोर पडद्यावरच ठेवलेला आहे, तो राहील ना? त्याचा हात तिथेच थांबला. भगिनींनो, हे नीट ध्यानात ठेवा. आपण पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर जे हाताशी म्हणून ठेवतो, ते सहसा त्या सी ड्राइव्हमध्येच असते. तो पुसला की तेही गेले. मी त्याला चहा पाजला व म्हटले, बाळा, दोन दिवसांनी ये.

आजारी माणसाला औषध देण्याआधी घरातली किल्ली, कागदपत्रे कुठे आहेत ते विचारून घ्यावे, तसेच हे. आधी नक्कल, मग दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठले. ऑक्टोबरचा उकाडा असला तरी त्या वेळी आपल्या नाशकात हवा थंड असते. डब्याची बाजूची पाटी काढली, समोर टेबल फॅन लावला, आणि आधी फराळाचा हिशोब, मग वर्गणी, मग भिशी, असे थोडे थोडे करून पेन ड्राइव्हवर उतरवले. एकदम सगळे उतरवायला घेतले असते तर अध्याताच थिजला असता. छायाचित्रे सर्वांत शेवटी घेतली. दिवस उजाडला तेव्हा काम झाले होते. मग शेजारच्या वहिनींच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह लावून प्रत्येक तक्ता उघडून पाहिला, कारण न उघडणारी नक्कल म्हणजे रिकामा डबा. ६४ घरे मोजली आणि तिथेच खुर्चीत बसून रडले. वहिनींना वाटले, कुणी गेले.

त्यानंतर एकेक दुखणे घेतले. एका वेळी एकच उपाय करायचा व दोन दिवस वाट पाहून वहीत लिहायचे. चार औषधे एकदम दिली तर कोणत्या औषधाने गुण आला हे कसे कळणार?

पहिले मिक्सरचे. मिक्सर सुरू होताना क्षणभर विजेचा दाब खाली येतो. दिवा मिचकतो तो त्यामुळेच. अशा वेळी यूपीएसने कॉम्प्युटरला सांभाळायचे असते. मी कॉम्प्युटर बंद करून यूपीएसला टेबलावरचा दिवा जोडला व भिंतीतला प्लग काढला. दिवा तत्क्षणी गेला. यूपीएसमधली बॅटरी केव्हाच मेलेली होती! ती साधारण तीन-चार वर्षांत बदलावी लागते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. बॅटरी बदलली, मिक्सरचा प्लग दुसऱ्या बोर्डावर नेला, व ते दुखणे थांबले.

दुसरे तारखेचे. मदरबोर्डावर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर रुंद व ३.२ मिलिमीटर जाड, आणि ताकद ३ व्होल्ट. भिंतीवरचे बटण बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की कॉम्प्युटर आपल्या जन्माच्या वेळची तारीख सांगू लागतो, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची पाने त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. मी उगाच इंटरनेटला बोल लावीत होते. चाळीस रुपयांचे काम.

तिसरे तापाचे. प्लग काढून, सुरू करायचे बटण एकदा दाबून, मग मी डबा उघडला. आत काय सांगू! गोधडीतून निघालेल्या कापसासारखा धुळीचा थर, त्यात फोडणीची वाफ बसून तो चिकट झालेला, आणि कोपऱ्यात एक मेलेले झुरळ. रंगाच्या कोरड्या ब्रशाने हळूहळू झाडले. पंखा झाडताना त्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, गरगर फिरू देऊ नये. ओले फडके लावू नये. आणि ज्या पेटीत विजेची तार जाते ती कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. डबा कप्प्यातून काढून मोकळ्या जागी ठेवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या आपल्या देशी यंत्रात सुमारे २,७०० काचेच्या नळ्या होत्या म्हणे. त्या किती तापत असतील! यंत्रे लहान झाली, पण त्यांचे तापणे काही सुटले नाही.

एवढे करूनही एका रात्री, हवा थंड असताना, तो पुन्हा थिजला. वही नसती तर मी म्हटले असते, सगळे फुकट गेले. पण वहीत दिसत होते, की बाकीची दोन दुखणी परतलेली नाहीत; म्हणजे हे चौथे. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितले, तशी रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच घासली, कचरा झटकला, व दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ करून बसेतो पट्टी परत दाबली. मग थिजणे थांबले.

मुलीला झुरळाचे सांगितले तेव्हा तिने एक गंमत सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू नावाच्या यंत्रात बिघाड झाला, तो शोधताना आत एक पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो पतंग रोजच्या नोंदवहीत चिकटवून ठेवला, व ती वही आजही अमेरिकेतल्या एका संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर नावाच्या विदुषी त्या गटात काम करीत. ही हकिगत त्या पुढे पुष्कळदा सांगत. मला त्या पतंगापेक्षा वहीचे जास्त कौतुक वाटले. एवढी शिकलेली माणसे, पण तीही लिहूनच ठेवीत होती.

मग तो मुलगा पुन्हा आला. आत वाळून गेलेला लेप त्याने नवीन लावला, व तपासणी करून सांगितले, की हार्ड डिस्कवरच्या काही जागा खराब होऊ लागल्या आहेत. म्हणजे नक्कल काढायला आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, ते मी सांगायला नको. जुन्या डिस्कवरचे सारे त्याने नव्या डिस्कवर उतरवून दिले. डिस्क १,८०० रुपये, यूपीएसची बॅटरी ९५०, सेल ४०, मजुरी ५००. सगळे मिळून ३,२९० रुपये. व्हायरस नव्हता. खेळांचाही दोष नव्हता. मी मुलाला जवळ बोलावून म्हटले, चुकले माझे. तो म्हणाला, “आई, आधी डबा उघडायचा असतो, मग रागवायचे असते.”

मात्र म्हाताऱ्याला औषध दिले म्हणून तो तरुण होत नाही. त्याच्यावरच्या विंडोज सात या प्रणालीला सुरक्षिततेची नवी भर मिळणे १४ जानेवारी २०२० रोजीच बंद झाले. म्हणून आता त्याला इंटरनेट जोडत नाही, पैशाचे कसलेही व्यवहार त्यावर करीत नाही. हिशोब लिहिणे एवढेच त्याचे काम, व ते तो निमूटपणे करतो.

भगिनींनो, फराळ वेळेवर गेला, एकीचीही चकली चुकली नाही, म्हणून हे कुणाला कळले नाही. पण ते पैसे माझे नव्हते, तुमचे होते. माझ्या घरातला डबा थिजला म्हणून मंडळाचा विश्वास थिजावा, हे बरे नव्हे. त्याच दिवाळीत लाल वही मी माळ्यावरून उतरवली. दर महिन्याच्या शेवटी हिशोब तिच्यात उतरवते, व पेन ड्राइव्हवर दोन नकला काढते. एक माझ्या कपाटात असते. दुसरी आज मी तुम्हा सर्वांसमक्ष अध्यक्षबाईंच्या हाती देते. त्यांनी ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी, म्हणजे मी ‘सगळे व्यवस्थित आहे’ असे म्हणेन तेव्हा ते खरे आहे की नाही, हे तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघून ठरवावे लागणार नाही.