कॅसलरॉक आणि सुपा

परदेश म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे बंदर आणि बोट उभी राहते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात मात्र परदेश एका रेल्वे-स्टेशनापाशी सुरू होत असे. ते स्टेशन कॅसलरॉक.

१८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि त्यातून मुरगाव बंदर घाटावरील मुलखास जोडणारा लोहमार्ग निघाला. कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने बांधला. हद्दीपलीकडचा पोर्तुगीज हिंदुस्थानचा. ३७ फुटांस १ फूट अशा उतारावरून गाडी बोगद्यामागून बोगदा ओलांडीत, दूधसागराजवळून खाली कुळ्यास जाई. खाली पोर्तुगीज जकात, वर इंग्रजी. मुंबईस चाकरीला निघालेल्या गोवेकराची पेटी कॅसलरॉकला उघडली जाई. पुढे त्याला आफ्रिकेची बोट मिळो वा न मिळो, त्याचे परदेशगमन येथेच होऊन गेलेले असे! आणि गंमत अशी की, हद्दीच्या दोन्ही अंगांच्या रानांतून राहणाऱ्या कुणब्यांची बोली कोकणीच होती.

ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रही कॅसलरॉकहून रुळांवरून चालत गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षी गाड्याही थांबल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती हद्द उरली नाही.

परदेश असा घरचा झाला. सुप्याचे उलट झाले. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील सुपा हे तालुक्याचे मूळ ठाणे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली पुरे झाले, आणि गाव पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास हलल्या. पुष्कळ माणसे रामनगरास वसविण्यात आली. वीज हवी, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जे गाव तिच्यापायी बुडाले, त्याचे नावही दिव्याखाली बसणाऱ्यास ठाऊक नसावे, हे काही बरे नव्हे.

रामनगरचा मनुष्य आज अनमोड घाट उतरून सहज गोव्यास जातो; कोणी त्याची पिशवी तपाशीत नाही. आजोबांचे घर कोठे होते असे नातवाने विचारले, तर त्याला जलाशयाकडे बोट दाखवावे लागते. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत मात्र या तालुक्याचे नाव सुपा असेच छापलेले आहे.