चढाओढ कशासाठी आणि कोणाच्या जिवावर?



कालच्या चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, ‘स्पर्धा ही माणसाची प्रकृतीच असेल, तर समाजवाद प्रकृतीच्या विरुद्ध नाही काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. बाजारपेठेचे कैवारी या संदर्भात ग्रीकांचा दाखला देतात. म्हणून आज तिकडेच जाऊ.

इ. स. पू. ७०० च्या सुमारास हेसिअड या शेतकरी कवीने सांगितले की, कलहदेवता एक नसून दोन आहेत. एक युद्ध पेटवते. दुसरी आळशाला शेजाऱ्याची समृद्धी दाखवून कामाला लावते. आमचे अर्थपंडित येथेच थांबतात. परंतु कवी हे ज्याला ऐकवतो आहे, त्या त्याच्या भावाने लाचखाऊ सरदारांना हाताशी धरून वडिलार्जित मालमत्तेतला जास्त वाटा लाटला होता, अशी त्याची तक्रार आहे. श्रमातली चढाओढ आणि लुटीतली चढाओढ यांची गल्लत त्याने केली नाही. ती पुढच्यांनी केली.

अथेन्सने श्रीमंतांची ईर्ष्या सार्वजनिक कामाला जुंपली. नाट्यमहोत्सवातील वृंदाचा आणि युद्धनौकेचा वर्षभराचा खर्च धनिकांवर सोपवला जाई. इ. स. पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ नाटकाच्या वृंदाचा भार तरुण पेरिक्लीजने उचलला होता. ‘माझ्याहून अमका श्रीमंत आहे’ असे कोणी म्हणालाच, तर त्याने त्या अमक्याला आव्हान द्यावे. त्याने भार उचलावा, नाहीतर दोघांनी मालमत्तेची अदलाबदल करावी, असा कायदाच होता! (आपल्या प्राप्तिकर खात्याला ही तरतूद सुचवावी, असे मला पुष्कळदा वाटले आहे.)

पण एवढ्यावर भाळून जाऊ नका. सेनापती निकिअस अशा वृंदस्पर्धांत कधीही हरला नाही, असे प्लुटार्क सांगतो. त्याच निकिअसने लॉरिअनच्या चांदीच्या खाणींसाठी एक हजार गुलाम भाड्याने दिले होते, अशी झेनोफनची नोंद आहे. दर माणशी रोज एक ओबोल. आणि गुलामांची संख्या कधी घटू द्यायची नाही, हे ठेकेदाराने सांभाळायचे. सहा ओबोलांचा एक द्राख्मा धरून हिशेब केला, तर वर्षाला साठ हजार द्राख्मा होतात. त्या अजिंक्य वृंदामागे हे उत्पन्न उभे होते. स्पर्धेचा प्रश्न निघाला की मी प्रथम विचारतो, बक्षीस कोणते आणि खाणीत कोण?

रोममध्ये बक्षीस होते सत्तापद, आणि त्यामागून मिळणारा प्रांत. मते विकत घेण्याविरुद्ध कायदे होत राहिले. इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल सिसेरोने स्वतः दहा वर्षांच्या हद्दपारीचा कायदा केला. आणि त्याच वर्षी निवडणुकीतील लाचेचा आरोप असलेल्या मुरेनाचे वकीलपत्रही घेतले. मुरेना सुटला. इ. स. पू. ५४ च्या निवडणुकीत तर मते विकत घेण्यासाठी इतके कर्ज उचलले गेले की, व्याजाचा दर वर्षाला चार टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर गेला. हे सिसेरोच्याच पत्रांत आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून बोलका आकडा क्वचितच सापडेल.

ही कर्जे प्रांतांतून वसूल होत. सिसिलीचा सुभेदार व्हेरीझ याच्यावर इ. स. पू. ७० मध्ये खटला चालला, तेव्हा त्याचा हिशेब सिसेरोने न्यायालयात मांडला: तीन वर्षांपैकी एका वर्षाची कमाई स्वतःला, दुसऱ्याची पाठीराख्यांना आणि वकिलांना, आणि सर्वांत कसदार तिसऱ्या वर्षाची न्यायाधीशांना. सिसिलीच्या शेतकऱ्याला त्यात वाटा नव्हता.