सदऱ्यावरची राजमुद्रा

(शिवजयंतीनिमित्त आंबेगांव तालुक्यांतील गांवकऱ्यांपुढें झालेलें भाषण)



१९ फेब्रुवारीस जुन्नर-आंबेगांवचे तरुण शिवनेरीवर जातात. पुष्कळांच्या सदऱ्यावर शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा छापलेली असते. अर्थ विचारला तर कोणी म्हणतो, ही राजघराण्याची निशाणी. कोणी म्हणतो, आमच्या जातीची. ह्याचा विचार करूं.

ढालीवर सिंह-गरुड काढून तें चिन्ह वारशानें चालविणें ही विलायती चाल. १८७७ सालीं दिल्ली दरबारांत इंग्रजांनीं आपल्या संस्थानिकांना अशीं चिन्हें काढलेलीं रेशमी निशाणें दिलीं. निशाण घेणारा राणीचा मांडलिक ठरला. राजमुद्रेची गोष्ट निराळी. ती मिरवण्यासाठीं नव्हती, हुकुमावर उमटविण्यासाठीं होती. शहाजीराजे व जिजाऊ यांच्या मुद्रा फारसींत होत्या. महाराजांची संस्कृतांत आहे. तिचा अर्थ असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढणारी, जगानें वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठीं शोभते. तींत बापाचें नांव आहे, जातीचें नाहीं. आणि काम सांगितलें आहे तें लोककल्याणाचें.

तें काम कसें केलें तेंही पाहा. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ही मुद्रा आहे. रांझे गांवचा पाटील बाबाजी गुजर यानें एका बाईवर अत्याचार केला. त्याचे हातपाय तोडले व पाटिलकी काढून घेतली. वतनदार म्हणून गय केली नाहीं. मग ही मुद्रा छातीवर लावून जो जत्रेंत मुलींची वाट अडवितो, त्याच्याविरुद्ध त्याचाच सदरा साक्ष देतो.

मुद्रा उमटण्यास कागद लागतो. मराठी दप्तरांत जुन्नरी कागद नांवाजलेला होता, आणि तो करणारे कागदी मुसलमान कारागीर होते. कारूंच्या हाताशिवाय कोणतेंही राज्य चाललें नाहीं, हें मिरवणुकींत विसरूं नये.

मुद्रा पत्राच्या माथ्यावर, तर शेवटीं दुसरा लहान शिक्का, मोर्तब. त्याचा अर्थ, येथें मर्यादा झाली. खालीं कोणीं एक ओळही घुसडूं नये, ही त्याची सोय. सावकाराच्या कागदावर न वाचतां अंगठा देणाऱ्या आपल्या वाडवडिलांना अशी सोय कोठें होती? १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं कर्जखतें हिसकावून जाळलीं, तीं उगीच नव्हेत.

२ सप्टेंबर २०२२ रोजीं भारतीय नौदलाच्या नव्या निशाणावर ह्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. नौदलाचा शिपाई त्या निशाणाखालीं कामास बांधलेला असतो. आपणही सदरा घ्याल तर मुद्रेचा अर्थ घरांत आईबहिणींस वाचून दाखवा. सदरा जुना झाला तर त्याचें पायपुसणें करूं नका. आणि कोऱ्या कागदावर सही करूं नका. मजकूर व सही यांमध्यें जागा उरली तर तेथें आडवी रेघ ओढा. आपल्या घरचें मोर्तब तेवढेंच आहे, पण तें आपल्या हातीं आहे.