पाणचक्की आणि नगरचे जाते

इंग्लंडच्या उंच मूर प्रदेशांत, म्हणजे झाडी विरळ, माती आम्लधर्मी आणि हवा सदा ओलसर अशा माळांवर, ओढ्याकाठची पाणचक्की शतकानुशतके गावगाड्याचा भाग होती. १०८६ मध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने झालेल्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीतच इंग्लंडभरच्या साडेपाच हजारांहून अधिक गिरण्यांची नोंद आहे. तेथे पाऊस वर्षभर विखरून पडत असल्याने ओढे सहसा आटत नसत. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे घाटघर आणि रतनवाडीचा परिसर, पावसाच्या मानाने त्या माळांनाही मागे टाकतो. परंतु हा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, ओढे पावसाळ्यात आवरत नाहीत आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात दगड उरतात. बर्फाच्या पाण्यावर चालणारे घराट, म्हणजे तिकडच्या पाणचक्क्या, हिमालयात टिकले, तशी पाणचक्की नगरच्या खेड्यांत रुजली नाही, याचे पहिले कारण हे.

मात्र सगळा दोष पावसाला देणे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये गिरणी बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे, कुळांनी तेथेच दळावे असा दंडक असे आणि दळणाचा काही हिस्सा मोबदला म्हणून कापून घेतला जाई. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने तर लोकांची हातजाती जप्त करून ती मठाच्या फरशीत बसवली होती, आणि १३८१ च्या शेतकरी बंडात लोकांनी ती फरशी उखडून काढली. नगरकडे जाते घरोघरी राहिले. खालची स्थिर तळी, वरची फिरती पाळ आणि ती ओढण्यासाठी बसवलेला लाकडी खुंटा, एवढीच त्याची रचना. दगड गुळगुळीत झाले की टाकारी येऊन छिन्नीने ‘टाकी लावत’, म्हणजे त्यांना पुन्हा खरबरीत करीत. पहाटेच्या त्या श्रमातून स्त्रियांनी रचलेल्या ओव्यांचे कौतुक पुष्कळ होते आणि ते योग्यही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. परंतु दळणारीला मजुरी द्यावी लागत नव्हती, म्हणूनच चक्कीवर पैसा घालण्याची गरज कोणाला वाटली नाही, हे त्या कौतुकात सहसा निसटते.

पाणी खेळवण्याचे ज्ञान मात्र येथे होते. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या नगर शहराला कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा गावांकडून नहरींनी, म्हणजे जमिनीखालून उताराने आणलेल्या बांधीव वा खापरी नळांनी, पाणी मिळे. ते पिण्यासाठी, हमामांसाठी आणि बागांसाठी होते. निजामशाहीचाच वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि ही विद्या तिकडे नेली. त्याच खडकीच्या, म्हणजे पुढील औरंगाबादच्या आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खाम नदीकाठी सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की उभी राहिली. काही मैलांवरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून उंच भिंतीवर चढवलेले आहे. तेथून ते हौदात धबधब्यासारखे पडते आणि पाण्याच्याच जोरावर आडवे चाक फिरून वरचा दगड फिरतो. इंग्रजी गिरण्यांत सामान्यतः उभे चाक असून त्याची गती दात्यांच्या चाकांनी वळवावी लागे; येथे ती खटपट नाही. फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थी अशा अनेकांचे पीठ एकाच जागी लागत होते, आणि झरा बारमाही होता. नगरच्या खेड्यांत या दोन्ही अटी एकत्र आल्या नाहीत.

खेड्यातील जाते अखेर मोडीत काढले ते तेलाच्या इंजिनावरील आणि पुढे विजेच्या गिरणीने. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि पुढे त्याच्या पाण्यावर १२ मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले. घाटघरचा २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. अकोल्याच्या पावसाला दळणाच्या कामी लावले ते विजेच्या तारांनीच.