लग्नकार्याचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त गोव्यातील एका मेळाव्यात केलेले भाषण)



तुळशीचे लग्न लागले की गावोगावी लग्नसराईची लगबग सुरू होते. मुहूर्त ठरतो, सभागृह ठरते, मंडपवाला, आचारी व वाजंत्री यांस विसार दिला जातो. हल्ली त्यांच्या जोडीला लग्नाच्या विम्याचाही प्रस्ताव पुढे येऊ लागला आहे. त्यास होकार द्यावा की नकार, याचा आज आपण विचार करू.

या विमापत्रात बहुधा पुढील गोष्टी येतात : आग, पूर, वादळ यांमुळे किंवा वधूवर अथवा निकटच्या आप्तावर मृत्यू वा गंभीर अपघात ओढवल्यामुळे कार्य रद्द करावे वा पुढे ढकलावे लागणे; मंडप-सजावटीचे नुकसान; दागिन्यांची चोरी; आणि कार्यस्थळी पाहुण्यांना इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाई. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाने आपल्या किनाऱ्याला दिलेला तडाखा आपणांस स्मरत असेलच.

परंतु विम्यात काय येत नाही, हे जाणणे अधिक अगत्याचे आहे. वधूने वा वराने नकार दिला, अथवा उभय पक्षांत बेबनाव झाला, तर साधारणपणे भरपाई मिळत नाही. भाऊबंदांपैकी कोणी वारल्यास आपल्याकडे सुतकामुळे लग्न पुढे ढकलतात. पण दूरचा भाऊबंद विमापत्रातील ‘निकटचा आप्त’ या व्याख्येत सहसा बसत नाही. आजोबा तरी बसतात काय, हेही विचारून घ्यावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली व असंख्य लग्ने लांबली. साथीचे रोग व सरकारी निर्बंध पुष्कळ विमापत्रांत वगळलेले असतात. म्हणून सही करण्यापूर्वी ‘वगळलेल्या बाबी’ हे कलम गावातील शिक्षकाकडून वा अन्य जाणकाराकडून समजून घ्यावे.

निर्णयाची रीत सोपी आहे. कोणास किती विसार दिला आणि तारीख बदलल्यास त्यातील किती परत मिळेल, याची यादी करावी. समजा, एक लाखाच्या विसारापैकी ८० हजार रुपये नव्या तारखेस वळते होतात. मग जोखीम २० हजारांचीच उरते. ती सोसवत असेल तर विमा नको. मात्र कर्ज काढून तीन लाख भरले असतील व ते परत मिळायचे नसतील, तर विम्याचा हप्ता हा अपव्यय नव्हे.

विमा घेतल्यास दोन पथ्ये पाळावीत. घरातील आजारपण लपवू नये. लपविल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. दुसरे, प्रत्येक पैशाची पावती घ्यावी, कारण विमा सिद्ध झालेले नुकसानच भरून देतो. दाव्याबाबत तक्रार असल्यास ती प्रथम कंपनीकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास अथवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही.

शेवटी एवढेच सांगेन की, विमा आहे म्हणून खर्च वाढवू नये. ऐपतीतला खर्च आणि परतीच्या अटी लिहिलेली पावती, हा लग्नघराचा पहिला विमा होय; आणि त्यास हप्ता पडत नाही.