सगळी बटणं बंद केल्यावर

बी.ए.ला मी मराठी घेतलं, त्याचं एक कारण म्हणजे त्यात आकडेमोड नव्हती. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत कवितेच्या मात्रा सोडल्या तर दुसरं काही मोजायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या मिरजेच्या घरी विजेचं एक बिल आलं आणि मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. त्या बिलाचीच गोष्ट आज सांगणार आहे.

आमचं घर जुनं, बैठं. माणसं तीन. मी, बायको आणि अम्मी. मुलगा पुण्याला नोकरीला. पंखे, फ्रिज, टीव्ही, मागच्या अंगणात न्हाणीघर. महिन्याला १४०-१५० युनिटच्या वर आम्ही कधी गेलो नाही आणि बिल दीड हजाराच्या आत. त्या महिन्याचं बिल होतं ३७१ युनिटचं. रक्कम पावणेपाच हजार.

दारातच ते वाचून मी मोठ्याने बायकोला म्हणालो, "मशीन आली आणि बघ, बिल तिप्पट झालं!"

मशीन म्हणजे अम्मीची. अम्मी एक्क्याऐंशीची. उभा जन्म चुलीच्या धुरात गेला, त्याने छाती निकामी झालेली. जूनच्या शेवटी ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की रात्री निजताना आठ तास ऑक्सिजन द्या. सिलिंडर आणणं-नेणं झेपणारं नव्हतं. म्हणून खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देणारं यंत्र एक जुलैपासून भाड्याने आणलं. रात्रभर त्याचा घरघर असा आवाज चालायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

मी जे दारात बोललो ते पडद्याआड खाटेवर बसलेल्या अम्मीने ऐकलं असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

बिल जास्त आलं की माणूस आधी काय करतो? संशय घेतो. आमच्या गल्लीतल्या एकांनी मीटरवर घेतला. "मीटर पळतंय तुमचं," म्हणाले. त्यांना २०२० आठवत होतं. टाळेबंदीत रीडिंग घेणारी माणसं येणं बंद झालं होतं, थंडीतल्या महिन्यांवरून सरासरीची बिलं निघाली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर एप्रिल-मेच्या उन्हाळ्याचा सगळा वापर एकदम अंगावर आला. लोक चिडले होते, रस्त्यावर उतरले होते. तेव्हापासून आमच्याकडे मोठं बिल म्हटलं की 'सरासरी लावली असणार' असं आधी तोंडात येतं.

म्हणून मी पहिल्यांदा बिलावरचं चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग बघितलं, वजाबाकी केली, स्टूल घेऊन मीटर वाचला. सगळं जुळत होतं. सरासरी नव्हती. दिवसही तीसच होते.

मग उरलेलं बिल वाचलं. विजेचं बिल आपण कधी वाचत नाही, रक्कम आणि शेवटची तारीख बघतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर शेकडा सोळा वीज शुल्क. 'वहन आकार' हा शब्द मला आवडला. वीज तारांवरून आपल्या दारापर्यंत वाहून आणण्याची ती हमाली आहे. शब्द आवडला, रक्कम नाही आवडली. पण खरी मेख पायऱ्यांमध्ये होती. पहिली शंभर युनिट स्वस्त. शंभरच्या पुढे तीनशेपर्यंत दर जवळपास दुप्पट. तीनशेच्या पुढे त्याहून चढा. आमचे दर महिन्याला चाळीस-पन्नास युनिटच महाग पायरीवर चढत. या वेळी दोनशे युनिट दुसऱ्या पायरीवर आणि ७१ युनिट तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले होते. म्हणजे वापर अडीचपट आणि रक्कम तिपटीहून जास्त. एवढं कळलं. पण ती जास्तीची युनिट आली कुठून, ते काही कळलं नाही. मशीनवरचा संशय तसाच राहिला.

दोन रात्रींनी तहान लागून मला जाग आली. घरात काहीतरी कमी होतं. मिनिटभराने उमगलं, की घरघर थांबलेली आहे. वाटलं, वीज गेली. पण डोक्यावर पंखा चालू होता.

अम्मी भिंतीला टेकून बसली होती. नळी नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली. खांदे वर-खाली होत होते. बोटाला लावायचं यंत्र लावलं तर ८६ दाखवलं. मी मशीन लावली, नळी तिच्या नाकाशी बसवली. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं, तेव्हा म्हणाली, "मला बरं वाटत होतं रे. रोज कशाला लागते? एक दिवसाआड लावू." थोड्या वेळाने म्हणाली, "पावणेपाच हजार म्हणजे काय थोडे?"

श्रोतेहो, त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी मी हिशेब मांडायला घेतला, आणि खरं सांगायचं तर तो बिलासाठी नव्हता.

एक हजार वॉटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट. एवढंच गणित. न्हाणीघरात पाणी तापवायचा गिझर दोन हजार वॉटचा असेल तर अर्ध्या तासात एक युनिट खातो. जुना छताचा पंखा पाऊणशे वॉटचा, तो तेरा-चौदा तास फिरतो तेव्हा कुठे एक युनिट होतं. तुम्ही ज्यावर माझं बोलणं ऐकत आहात तो लहान रेडिओ पाच वॉटचा धरला, तर एका युनिटमध्ये दोनशे तास चालेल. माझा कंटाळा आला तरी पैसे वाया गेले असं समजू नका.

अम्मीच्या मशीनवर मागच्या बाजूला ३५० वॉट असं लिहिलेलं होतं. साडेतीनशे गुणिले आठ तास, म्हणजे रोजचे २.८ युनिट. महिन्याचे ८४. आणि आमचं बिल वाढलं होतं सव्वादोनशे युनिटच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढीशी अम्मीचा काहीही संबंध नव्हता. महिनाभर अम्मीच्या श्वासावर मी दुसऱ्याच कुणाचं तरी खाणं मांडत होतो. पण कुणाचं?

मी अम्मीजवळ बसूनच ही आकडेमोड करत होतो. ती म्हणाली, "तुझे अब्बा सगळी बटणं बंद करून चकती बघायचे."

मला एकदम आठवलं. अब्बा शिंपीकाम करत. घरात वीज घेतली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हाच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती असे, तिच्या कडेवर एक काळी खूण. वीज वापरली की चकती फिरायची. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा अब्बा घरातलं सगळं बंद करायचे आणि हाताची घडी घालून मीटरसमोर उभे राहायचे. काळी खूण हलली नाही, की "ठीक आहे" म्हणून मशीनवर जाऊन बसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, अब्बांना काही उद्योग नाही.

आताच्या मीटरला चकती नाही. पण एक बारीक लाल दिवा असतो, तो लुकलुकतो. मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० होता. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की एक युनिट झालं.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजानंतर, अम्मीची मशीन थांबवायची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळं बंद केलं. फ्रिजची पिन काढली, टीव्हीची काढली, मोबाइलचा चार्जर काढला. बायको मोबाइलवर सेकंद बघत उभी राहिली, मी स्टुलावर. घर इतकं गप्प होतं, की अम्मीचा श्वास ऐकू येत होता.

दिवा लुकलुकला. मला वाटलं, आधीचा काही शिल्लक असेल. सहा सेकंदांनी पुन्हा. पुन्हा सहा सेकंदांनी. मात्रा मोजायची सवय इथे उपयोगी पडली. एका मिनिटात दहा. तासाला सहाशे. दिवसाला १४,४००. त्याला ३२०० ने भागा. रोजचे साडेचार युनिट. महिन्याचे १३५. घरात एकही वस्तू चालू नसताना!

अम्मीचे ८४ आणि हे १३५, मिळून २१९. इतक्या वर्षांत माझं एखादं गणित पहिल्यांदा इतकं जवळ आलं होतं.

मेन स्विच खाली ओढला. लुकलुक थांबली. म्हणजे मीटर उगाच पळत नव्हता. त्याच्या पुढे, आमच्याच घरात कुणीतरी वीज पीत होतं. आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. मीटरवर 'अर्थ'चा एक वेगळा छोटा दिवा होता, तो मेन चालू केला की पेटायचा. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

तो वायरमनचाचांनी सांगितला. साठीचा माणूस, अब्बांच्या ओळखीतला. त्या दिव्याकडे बघूनच म्हणाले, "वीज जमिनीत चाललीय." मग त्यांनी बोर्डावरचे किटकॅट एकेक करून काढले. पहिला काढला, लुकलुक चालूच. दुसरा, चालूच. तिसरा काढला आणि दिवा थांबला. तिसरा किटकॅट मागच्या अंगणाचा.

चाचांनी बायकोला विचारलं, "भाभी, न्हाणीतल्या नळाला हात लावला की काही जाणवतं का?"

बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

कारण पंधरा दिवसांपासून ती मला सांगत होती, की नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. मी म्हणालो होतो, वय झालं तुझं, डॉक्टरांना विचारून बी-बारा सुरू कर. विनोद केला होता. बिल आलं तेव्हा मी तिसऱ्या मिनिटाला मीटर बघायला स्टुलावर चढलो. ती सांगत होती तेव्हा उठलोसुद्धा नाही.

अंगण खणलं. घरापासून न्हाणीघरापर्यंत अब्बांच्या काळात लोखंडी नळीतून जमिनीखालून वायर नेलेली होती. नळी गंजून फुटलेली. पावसाने तिच्यात पाणी भरलेलं. वायरचं कातडं एका जागी सोललेलं आणि तांबं पाण्यात. ती नळी न्हाणीच्या भिंतीपाशी पाण्याच्या पाइपला चिकटलेली होती. त्या पाइपवरच्या नळाखाली बादली लावून अम्मी रोज पाटावर बसून अंघोळ करत होती, ओल्या पायांनी.

मी चाचांना विचारलं, "मग फ्यूज का नाही उडाला?" ते म्हणाले, "हा फ्यूज पाच अँपियरचा. इथून एक अँपियरसुद्धा जात नव्हता. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसाला याचा विसावा हिस्सा पुरतो." मग अर्थिंगचा खड्डा दाखवला. मीठ-कोळसा कधीचा संपलेला, माती कोरडी ठणठणीत. वीज नीट जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती नळाला येऊन थांबली होती.

तिसरा किटकॅट त्यांनी खिशात टाकला आणि निघून गेले. म्हणाले, नवी वायर होईपर्यंत हा माझ्याकडे. मला त्यांचा हा भरवसा नसणं आवडलं. दिवे मोजणं आपलं काम, वायरला हात लावणं त्यांचं. कुणी ऐकणाऱ्याने उत्साहाच्या भरात बोर्ड उघडू नये. आणि नळाला झिणझिण्या येत असतील तर मोजत बसू नये. आधी मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावं.

चार दिवस न्हाणीत कंदील होता. मग भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नवी वायर आली, नवं अर्थिंग झालं, आणि बोर्डावर एक नवं बटण बसलं. तीस मिलिअँपियर वीज जरी भलतीकडे गेली तरी ते खाली पडतं. ते आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीच बसायला हवं होतं. सगळा खर्च बिलाहून जास्त झाला. बिल मात्र भरावंच लागलं. मीटरमधून गेलेली वीज दिव्याने खाल्ली की जमिनीने, हे मीटरला माहीत नसतं. कचेरीत विनंती केल्यावर दोन हप्ते करून मिळाले.

बायकोने या सगळ्यावर मला एक शब्दही ऐकवला नाही. आता ती काही म्हणाली, की मी लगेच उठतो. परवा म्हणाली, "मिक्सर वेगळा वाजतोय." मी उठून ऐकलं. मिक्सर नेहमीसारखाच वाजत होता. तिला बहुतेक फक्त बघायचं होतं, मी उठतो का ते.

पुढचं पूर्ण महिन्याचं बिल २३४ युनिटचं आलं. अम्मीने विचारलं, "यात माझे किती?" मी म्हणालो, "वीसेक असतील." ती म्हणाली, "एवढेच?" आणि त्या रात्री नळी आपल्या हाताने लावून झोपली. दर महिन्याला बिल आलं की ती हेच विचारते. मी वीस सांगतो, कधी बावीस. ८४ हा आकडा तिच्या कानावर अजून गेलेला नाही.

आज तो मी आकाशवाणीवरून सांगून बसलो आहे. या वेळी अम्मी एरवी रेडिओपाशी असते. म्हणून निघताना बायकोला सांगून आलो आहे, की काहीतरी निमित्त काढ आणि तिला अंगणात ऊन खायला बसव.