मेळघाटातील वानरे

टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे अरण्यात १९६० साली प्राणिअभ्यासक जेन गुडाल यांनी डहाळीची पाने ओरबाडून ती डहाळी वारुळात खुपसणारा, वाळवी टिपणारा चिंपांझी पाहिला आणि हत्यार घडविण्याचा मानवाचा मक्ता संपुष्टात आला. चांदूर बाजाराहून तेथवर जाणे बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे. परंतु परतवाड्यावरून घाट चढून, १९७४ पासून मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या अमलाखाली असलेल्या सेमाडोहाच्या मुलखात शिरणाऱ्यास काळतोंडे वानर मनसोक्त न्याहाळता येते. वाघ दिसला नाही म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशाने, आमच्या मते, या वानराचा चितळांशी चालणारा शेजारधर्म अवश्य पाहावा: शेंड्यावरचे वानर अर्धवट खाल्लेला पाला, फळे खाली टाकते, चितळांचा कळप ती वेचतो; आणि बिबट्या दृष्टीस पडताच वरून उठलेल्या खकाऱ्यासरशी सारा कळप माना उंचावून, शेपट्या ताठ करून उभा राहतो.